आत्याचा गप्प डबा

माझ्या आत्याला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येते आणि ती सगळी किळस ती एका अक्षरात बसवते. अक्षर एक असलं तरी प्रकार तीन आहेत, फक्त ऐकणाऱ्याला कान हवा. दुधाची साय कपाच्या काठाला चिकटलेली दिसली की येतं ते छोटं, कडी पडल्यासारखं "शी". लिफ्टच्या बटणावर कुणी च्युइंगम चिकटवून ठेवलं असेल तर "शीः", शेवटी फुंकर मारलेलं. आणि कुणी तिला "आवाज जरा भारी पाहिजे" असं म्हटलं की नाकातून निघून घशात बुडणारं, लांबलचक "श्शीऽऽ". हे तिसरं जमायला फार सराव लागतो. मी ते फोनवर काढलं की बाबा फसतात आणि "आता काय झालं गं तुला?" म्हणून माझ्याशीच बहिणीसारखं बोलायला लागतात.

आत्या डॅक बनवते. डॅक म्हणजे काय ते तिने आईला सांगितलं होतं तसंच सांगते. "वहिनी, फोनमध्ये गाणं नसतंच. नुसते आकडे असतात. कानाला आकडे कळत नाहीत, म्हणून मधे एक दुभाष्या लागतो. तो आकड्यांचा आवाज करून देतो. फोनच्या पोटात एक असतो, पण तो वेळ मारून नेणारा. ज्याला नीट ऐकायचंय तो बाहेरून चांगला दुभाष्या आणतो. साबणाच्या वडीएवढा डबा. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला हेडफोन."

"आणि त्याने काय फरक पडतो?" आईने विचारलं.

उत्तर तिसऱ्या प्रकारचं आलं.

आत्याची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिन्यात जळक्या रबराचा वास आणि कठड्याला हात लावला तर हात काळा. पहिल्या खोलीत टाकेवाली बसते. ती बोर्डावर पुर्जे सोल्डर करते, आणि तिचे टाके इतके बारीक की आत्याही त्यांना नाव ठेवत नाही. दुसऱ्या खोलीत मालक. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा कान सांगतो" असं सुरू होतं आणि सांगताना ते खरंच कानाची पाळी धरतात, जणू कान पळून जाईल. त्यांच्या शेजारी विक्रीचा माणूस. त्याचा शर्ट, बूट, केस आणि दात सारखेच चमकतात म्हणून आमच्या घरी त्याचं नाव चकचकीत. तो "बेसिकली ना मॅम" म्हटल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही.

तिसरी ऐकायची खोली. भिंतींना लावलेला स्पंज पूर्वी राखाडी होता म्हणे, आता त्याला शिळ्या पावाचा रंग आलाय. सोफ्यावर बसलं की आतून कुणीतरी उसासा सोडतं. टेबलावर कंपनीचे समाईक हेडफोन. त्यांच्या गाद्यांची कातडी सुटलीय, त्यामुळे संगीत ऐकून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या कानाभोवती काळ्या पापुद्र्यांची झालर असते. कानात खुपसायचे इअरफोनही समाईक. त्यांच्या टोकांकडे मी एकदाच पाहिलं. पिवळं होतं. आत्या स्पिरिटची बाटली आणि कापूस पर्समध्ये घेऊन फिरते, आणि त्या खोलीत शिरण्याआधी एखाद्या डॉक्टरसारखी तयारी करते.

तर अशा कंपनीत मालकांनी एक दिवस एक सुंदर डबी बनवून घेतली. काळी, गोल कडांची, पुढे एकच बटण, त्यावर एक पांढरी रेघ. डबीचा साचा पाडून झाल्यावर त्यांनी आत्याला बोलावलं आणि विचारलं, आता यात काय घालू या?

"आधी डबी," आत्या त्या दिवशी जेवताना म्हणाली. "मग आतलं. म्हणजे आधी मुलाचे बूट शिवले आणि मग मुलाला म्हणाले, यात बसतील तेवढेच पाय वाढव."

"मग काय घालणार?" बाबांनी विचारलं.

"तेच तर. दादा, दोन प्रकारचे हेडफोन असतात. मोठे, डोक्यावर टोपलीसारखे बसणारे, ते आळशी. त्यांना हलवायला जोर लागतो. कानात खुपसायचे बोंडाएवढे असतात ते हळवे, नुसती हाक मारली तरी दचकतात. डब्यात जोर वाढवला तर आळशी खूश. पण जोराबरोबर सर्किटची स्वतःची फुसफुसही वाढते, आणि ती हळव्यांना ऐकू येते. गाणं बंद असलं तरी सूंऽऽ चालूच."

"मग दोन डबे करा," आई म्हणाली.

"साचा एकाचाच आहे."

"मग जोर कमीजास्त करायची एक खिट्टी ठेव," बाबा म्हणाले.

"तिला आणखी एक भोक लागतं. भोक पाडायचं नाही. डबीचं सौंदर्य जातं म्हणे."

"मग काहीतरी अधलंमधलं कर ना."

"अधलंमधलं म्हणजे दोघांनीही शिव्या द्यायची सोय." आत्याने भाकरीसारखा हात पालथा केला. "मी हळव्यांच्या बाजूची. तुला माहितीये ती सूं म्हणजे काय? अनोळखी माणूस तुझ्या कानाशी तोंड आणून श्वास घेतोय. तू गाणं ऐकतोयस आणि तो श्वास घेतोय. गाणारी क्षणभर थांबली, की त्या थांबण्यात त्याचा श्वास. गरम. ओला."

बाबांनी घास खाली ठेवला आणि कान पुसला.

त्यानंतर आत्या त्या डबीच्या मागे लागली ती लागलीच. फुसफुस घालवायची तर जोर आवरता घ्यायचा. हळव्यांचा सूर बिघडू नये म्हणून बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा एक अडथळा काढायचा. पण तो अडथळाच पिन चुकीची घुसली तर डबा वाचवणारा, म्हणून त्याच्या जागी राखणदार म्हणून दुसरे चार पुर्जे घालायचे. ते जागा खाणार, म्हणून दुसरं काहीतरी बारीक करायचं. डोकं झाकलं की पाय उघडे आणि पाय झाकले की डोकं. दीड वर्ष हे चाललं. शेवटी एक बोर्ड तयार झाला, आणि तिने तो घरी आणून आईच्या कानात बोंडं खुपसली.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"हां," आत्या म्हणाली. त्या दिवशी तिने सायीकडे पाहिलंही नाही.

मग चकचकीतने बाहेरून एक तयार बोर्ड आणला. त्यात जोर एवढा की टोपलीवाले हेडफोन टेबलावर ठेवले तरी शेजारच्या खोलीत गाणं कळावं. "बेसिकली ना मॅम, लोकांना दणका पाहिजे." मालकांनी कानाची पाळी धरली आणि ठरवलं, शनिवारी ऐकू. जो जिंकेल तो डबीत. दुसरा भंगाराच्या खोक्यात.

या कंपनीची ऐकण्याची एक पद्धत आहे. मालकांचं म्हणणं, कामावरचा कान विकला गेलेला असतो, घरचा कान खरा. म्हणून प्रत्येकाने घरून एक माणूस आणायचा. चकचकीतचे सासरे आले, टाकेवालीची जाऊ आली, मालकांचे मेहुणे आले, आणि आत्याच्या बाजूने आई. आईबरोबर मी, कारण असला तमाशा मी सोडणार नव्हते.

दोन्ही बोर्ड दोन सारख्या डब्यांत घालून रुमालाखाली ठेवले होते, फक्त बटणं बाहेर. बटणाला हात लावायचा मान मालकांचा. त्यांनी दोन्हीच्या पांढऱ्या रेघा घड्याळाच्या काट्यासारख्या बरोबर बारावर आणल्या, मागे सरकून एक डोळा मिटून तपासल्या, आणि म्हणाले, "दोघांना बारावर. समान न्याय."

"सर," आत्या म्हणाली, "रेघ सारखी म्हणजे आवाज सारखा नाही. त्यांच्या बोर्डात जोर जास्त आहे. त्यांचं बारा माझ्या दोनसारखं आहे. आणि दोन आवाजांत जो किंचित मोठा असतो, तो माणसाला चांगला वाटतोच. मीटर लावून जुळवू या."

"मीटर गाणं ऐकतो का?"

"ऐकत नाही. मोजतो."

"मॅडम, संगीत हे लग्नासारखं असतं. लग्न काय मोजूनमापून करतात?"

चकचकीतच्या सासऱ्यांनी जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "करायला हवं होतं," ते म्हणाले.

मग सगळ्यांनी आळीपाळीने त्या पापुद्रेवाल्या टोपल्या डोक्यावर चढवल्या. पहिला डबा, दुसरा डबा. पहिल्याला माना हलल्या. दुसऱ्याला माना, गुडघे आणि मेहुण्यांचं पोट हललं. दुसरा चकचकीतचा होता हे कळायला रुमाल उचलायची गरज नव्हती. आत्या स्पिरिटचा कापूस बोटांत चुरत उभी होती.

"एकच विनंती," ती म्हणाली. "आता कानातले इअरफोन लावा, आणि काहीही वाजवू नका."

"काहीही न वाजवता काय ऐकायचं?"

"तेच."

तिने पिवळी टोकं स्वतः पुसली, तीन कापूस बदलून. पहिल्यांदा मालकांनी लावले. चकचकीतचा डबा चालू केला. त्यांनी डोळे मिटले. खोलीत शांतता, खालून टायरवाल्याचा हातोडा. मालकांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज पसरायला लागलं.

"यात हवा आहे," ते म्हणाले. "माझा कान सांगतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच गाण्यात हवा आहे."

"बेसिकली ना सर, जिवंतपणा," चकचकीत म्हणाला.

"ती हवा नाही, ती फुसफुस आहे," आत्या म्हणाली. पण तोवर इअरफोन मेहुण्यांकडे गेले होते आणि मेहुण्यांनाही हवा लागली होती. सासऱ्यांना लागली. टाकेवालीच्या जावेने मालकांच्या तोंडाकडे पाहून तिलाही लागल्याचं सांगितलं. मग आत्याचा डबा चालू केला आणि इअरफोन आईकडे आले. आई फार प्रामाणिक बाई आहे, हा तिचा एकच दोष. तिने बराच वेळ ऐकलं, इअरफोन काढून फुंकून पाहिले, परत घातले.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमचा बंद पडलाय वाटतं."

आत्याचा चेहरा मी अजून करून दाखवू शकत नाही. दीड वर्षांत त्या बोर्डाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि त्या कौतुकानेच तो हरला.

"बघा," मालक म्हणाले. "घरचा कान. गिऱ्हाईकालाही हेच वाटणार. मॅडम, काम स्वच्छ आहे तुमचं, पण मेलेलं आहे. पुढच्या शनिवारी परत ऐकू. तोवर यात जरा हवा घाला. एखादा पुर्जा बदला."

घरी येताना आईने चार वेळा माफी मागितली आणि आत्याने चारही वेळा "वहिनी, तू एकटीच खरं बोललीस" असं सांगितलं. ते मला जास्त भयंकर वाटलं.

"बदल ना एक रेझिस्टर," बाबा म्हणाले. "जोर वाढव, जिंक, नंतर काढून टाक."

"नंतर काढता येत नाही. जिंकलेला नमुना काचेच्या कपाटात जातो. पुढचे सगळे त्याच्यासारखेच बनतात. मी जो श्वास आज घालीन तो हजार लोकांच्या कानात जाईल. माझ्या हाताने." आणि मग तिसऱ्या प्रकारचं, पण इतकं हळू की नक्कल करावीशी वाटली नाही.

राग आला की आत्या साफसफाई करते. तिने शेगडी घेतली. शेगडीची बटणं तेलाने चिकट झाली होती, बोट लावलं की सोडायला तयार नाहीत. "शीः," म्हणत तिने ती उपटून काढली, गरम पाण्यात घासली आणि परत बसवली. सकाळी आईने चहा ठेवला, बटण मंद आचेवर आणलं, आणि जाळ भांड्याच्या कानाला लागला.

"वन्सं, याची आतली खाच झिजलीय. कसंही बसतं ते. खूण वाकडी बसवलीत तुम्ही. मंदवर ठेवलं की मोठा होतोय."

आत्या दात घासत होती. ती ब्रश तोंडात ठेवूनच स्वयंपाकघरात आली आणि त्या बटणाकडे बघत उभी राहिली. चहा उतू गेला तरी तिला त्याचीही किळस आली नाही.

डबीवरचं बटणही नुसती टोपीच असते. आत दांडी, वर टोपी, टोपीला कडेने एक बारीक स्क्रू. स्क्रू सैल केला की टोपी कुठेही वळते. बोर्डाला हात लावायची गरजच नव्हती. दांडी दोनवर नेऊन ठेवायची, टोपी फिरवून रेघ बारावर आणायची, स्क्रू घट्ट. आवाज पुरेसा मोठा, आणि फुसफुस होती तिथेच, म्हणजे नाहीच.

चकचकीतच्या बोर्डाचं माप तिने कंपनीत सगळे चहाला गेले असताना मीटरवर घेतलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने आपला डबा मीटरला जोडला आणि टोपी अशी बसवली की दोघांचा आवाज अगदी तंतोतंत एक.

"म्हणजे आता खरी परीक्षा," बाबा खूश होऊन म्हणाले. "वाकड्या रेघेने सरळ न्याय."

आत्याने स्क्रू घट्ट केला.

"खरी परीक्षा दिली तर काय होईल सांगू? दोन्ही सारखे वाटतील. मग मेहुणे मालकांकडे बघतील, मालक चकचकीतच्या दातांकडे बघतील, आणि संपलं." तिने स्क्रू परत सैल केला. टोपी आणखी केसभर फिरवली. मीटरचा काटा थोडा वर सरकला. "इतकं पुरे. कळणार नाही, पण आवडेल."

"ही मग लबाडी झाली," बाबा म्हणाले.

"झालीच. त्यांचं बारा खोटं, माझंही खोटं. फक्त मला माहितीये." ती उठली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आली.

शनिवारी तेच कान, तोच सोफा, तोच उसासा. मालकांनी रेघा बारावर आणल्या आणि एक डोळा मिटला. टोपल्या डोक्यांवरून फिरल्या. या वेळी आत्याच्या डब्याला मेहुण्यांचं पोट हललं, आणि चकचकीतच्या डब्याला नुसतं नाक. सासऱ्यांनी जावयाकडे न बघताच हात वर केला. आईला घाम फुटला होता, तिने दोन्ही हात वर केले. एकटी टाकेवालीची जाऊ गोंधळली, पण तिने मालकांचं तोंड बघितलं आणि मार्गी लागली.

मालकांनी टोपली काढली. कानाभोवती काळी झालर घेऊन ते आत्यासमोर आले.

"आला," ते म्हणाले. "जीव आला. माझा कान सांगतो. हवा घातलीत ना?"

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं, आणि त्या वाक्याने बोर्ड खोक्यात गेला असता.

"घातली," आत्या म्हणाली.

"बेसिकली ना मॅम, मी तेच तर सांगत होतो," चकचकीत म्हणाला. विक्रीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'आता अधिक हवेसह' असं छापायचं हेही त्याने तिथेच ठरवून टाकलं. मालकांनी आत्याला हवेचं महत्त्व समजावून सांगितलं. ते पुष्कळ वेळ समजावत होते, आणि ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, नावडतं औषध गिळणाऱ्या माणसासारखी, घोट खाली गेला की परत तोंड उघडून. मी तिचे तिन्ही प्रकार ऐकायला कान टवकारले होते. एकही आला नाही. तिने नुसता खिशातला कापूस काढला आणि बोटं पुसली.

मग नमुना टाकेवालीच्या टेबलावर आला. कपाटात जायच्या आधी तिने तो नीट बघून घ्यायचा, कारण पुढचे सगळे तिच्याच हातचे. तिने बटण धरून आवाज सगळ्यात खाली नेला. रेघ शून्याच्या पलीकडे घसरली आणि डबीवर छापलेल्या कंपनीच्या नावात घुसली. टाकेवालीने चष्मा वर केला.

"ताई, ही टोपी वाकडी बसलीय. सरळ करते."

आत्या, जी पाहुण्यांच्या घरीसुद्धा भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केल्याशिवाय पाणी पीत नाही, ती खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. मालक तयार झालेला प्रत्येक डबा बारावर आणूनच ऐकणार, हे दोघींनाही माहीत होतं.

"नको. राहू दे."

"वाकडीच?"

"वाकडीच."

"सगळ्या?" टाकेवालीच्या आवाजात आयुष्यभराच्या टाक्यांचा अपमान होता. "लोक म्हणतील, कुणी आंधळ्याने बसवल्यात."

"म्हणू देत. कानात घातल्यावर काही म्हणणार नाहीत." आत्याने सुट्या पुर्जांच्या ताटातून एक नवी टोपी उचलली, स्पिरिटने पुसली, बारीक पेचकस हातात घेतला आणि मीटर जवळ ओढला. "पहिली मी बसवते. बघून घे. उगाच कशीतरी नको, सगळ्या एकसारख्या वाकड्या हव्यात."